घड्याळजींनी बूट धुतले

घड्याळजींनी बायकोचा बूट खिडकीशी धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि जाळीच्या एकेका भोकात डोकावून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मातीचा एक कण शिल्लक नाही."

"आता त्याला वेळ विचार," पलंगावर बसलेली त्यांची आई म्हणाली. "सकाळपासून त्याच्या पोटात शिरून बसलायस. निदान किती वाजले ते तरी सांगेल."

घड्याळजींनी लक्ष दिलं नाही. ते आज भलतेच खुशीत होते. बूट पांढरे होते, जाळीचे होते, आणि मैदानावरच्या सरावात त्यांचा रंग ओल्या राखेसारखा झाला होता. त्यांची बायको पाणीपुरवठा खात्यात बिलांच्या खिडकीवर बसायची आणि खात्याच्या महिलांच्या रस्सीखेच संघात सगळ्यांत शेवटी उभी राहायची. शेवटच्या बाईच्या अंगाभोवती दोर घेतलेला असतो आणि पुढच्या सात जणींचा भार अखेर तिच्या टाचांवर येऊन पडतो. संघात सगळ्या तिला 'खुंटा' म्हणत, आणि कौतुकानेच म्हणत. येत्या रविवारी अंतिम सामना होता, वीज खात्याशी. वीज खातं कधी हरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे संघाच्या कप्तान, म्हणजे खात्याच्या रोखपालबाई, यांनी यंदा ठरवलं होतं की जिंकायचं तेव्हा जिंकू, आधी संघासारखं दिसू तरी. म्हणून आठ जणींना एकाच दुकानातून एकसारखे पांढरे बूट घेतले गेले. मातीत खेळायच्या खेळाला पांढरे बूट कशाला, असं कुणी विचारलं नाही, कारण रोखपालबाईंना प्रश्न विचारला की त्या उत्तर देत नसत, चष्म्यावरून नुसत्या बघत.

घड्याळजींनी बूट धुवायला घेतले ते आपल्या धंद्याच्या शिस्तीने. आधी नाड्या काढून वेगळ्या भिजवल्या. आतले तळवे काढून बाजूला ठेवले. माती कोरडी असतानाच थोपटून झाडली, कारण ओली माती चोळली की ती जाळीत आणखी आत जाऊन बसते. मग कोमट पाणी, अगदी सौम्य साबण आणि केस झिजून मऊ झालेला दातांचा जुना ब्रश. गोल गोल, हलक्या हाताने. नंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळणं, पंच्यात दाबून ओल टिपणं, आणि सावलीत वाळवताना वरून पातळ पांढरा कागद गुंडाळणं, म्हणजे उरलासुरला पिवळेपणा कागदावर उतरतो आणि बूट पांढरा राहतो. एका जोडीला अख्खा सुट्टीचा दिवस गेला. पण बूट असे निघाले की दुकानातला बूट त्यांच्या शेजारी ठेवला असता तर लाजला असता.

दुसऱ्या दिवशी बायको सरावाहून एकटी परतली नाही. तिच्यामागून रोखपालबाई आत आल्या, आणि त्यांच्यामागून खात्यात फोन घेणारी टेलिफोनवाली. ही संघात सगळ्यांत पुढे उभी राहायची आणि बोलण्यातही सगळ्यांच्या पुढे असायची.

"भाऊजी, खरं सांगा," टेलिफोनवाली खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "नवीन आणले ना?"

"नवीन कसले? तेच आहेत."

"शक्यच नाही. मी माझे घासून घासून हैराण झाले. माझे पिवळे पडले."

"उन्हात वाळवले असतील," घड्याळजी म्हणाले.

"मग कुठे वाळवणार?"

"सावलीत. आणि वरून कागद."

टेलिफोनवालीने रोखपालबाईंकडे पाहिलं. रोखपालबाईंनी चष्म्यावरून घड्याळजींकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच आदरासारखं काहीतरी दिसलं. "हाताला काय सफाई आहे तुमच्या," त्या म्हणाल्या.

आता घड्याळजींची बाजूही समजून घ्यायला हवी. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं सगळं काम घड्याळाच्या पोटात असतं. झाकण लावलं की ते संपलं. गिऱ्हाईक घड्याळ कानाला लावतं, मनगटाला बांधतं आणि चालू लागतं. 'आतलं चाक काय सुरेख बसवलंत हो' असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. आणि इथे दोन बायका त्यांनी केलेलं काम चक्क डोळ्यांनी बघत होत्या, हातात घेऊन उलटंपालटं करत होत्या. घड्याळजींना कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली.

"सगळ्यांचेच द्या," ते बोलून गेले. "फायनलला आठही जणी अशाच दिसायला हव्यात."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आठ जोड आहेत."

"आठ घड्याळं मी दिवसात उघडतो."

"उघडता. लावता किती?"

पण तोपर्यंत टेलिफोनवालीने बाकीच्या पाच जणींना निरोप द्यायला सुरुवातही केली होती.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने बुटांनी भरलेलं पोतं घरात आणून टेकवलं. शनिवारी सकाळी ती कामावर निघाली तेव्हा घड्याळजी दुकान बंद ठेवून, डोळ्याला भिंग लावून मोरीत पाटावर बसले होते.

"आज दुपारपासून पाणी नाही," ती चपला घालता घालता म्हणाली. "मोठ्या नळाची दुरुस्ती आहे. आधी सगळं भरून ठेवा. ऐकलंत ना?"

"हं," घड्याळजी म्हणाले.

डोळ्याला भिंग असलं की घड्याळजींचा 'हं' हे उत्तर नसतं, तो नुसता श्वास असतो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोला हे ठाऊक होतं, पण तिला उशीर झाला होता.

पहिली जोडी घड्याळजींनी पूर्वीच्याच निगुतीने झाडून घासली आणि मान वर केली तर जेवायची वेळ होत आली होती. पोत्यात अजून सहा जोड होते, शिवाय बायकोचे बूट सरावात पुन्हा माखले होते, ते वेगळेच. तेव्हा त्यांनी कामाची पद्धत जरा बदलली. सगळ्या नाड्या एका बादलीत. सगळे तळवे एका टोपलीत. सगळे बूट मोठ्या टबात. टबात बूट टाकण्याआधी त्यांनी प्रत्येकात हात घालून पाहिला, आणि ते चकितच झाले.

"आई, हे बघ काय काय निघालं," त्यांनी मोरीतून आवाज दिला. "कापूस. पुठ्ठ्याचा तुकडा. हे टाचेखालचं गादीसारखं काहीतरी. हा आणखी कापूस."

"कामावर जातात की गाद्या भरायला जातात?" आई म्हणाली.

"आणि हे बटण."

"बटण इकडे आण. तुझ्या त्या निळ्या शर्टाच्या बाहीला नाहीच आहे. लावून टाकते."

बाकीचा सगळा ऐवज कचऱ्यात गेला. सगळ्यांत मोठा शोध मात्र पुढेच होता. बुटाची जीभ उलटून तिच्यामागे घासताना घड्याळजींना निळ्या शाईचा एक बारीक डाग दिसला. दुसरा बूट उचलला, तिथेही डाग. तिसऱ्यातही तसाच. सगळ्यांच्या जिभांमागे, अगदी एकाच जागी.

"या बायका पेनं बुटात खोचतात की काय?" ते म्हणाले. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं. एक डाग चांदणीसारखा होता, एक त्रिकोणासारखा, एक तर हुबेहूब 'र' सारखा. "आई, गंमत बघ. डाग पडलाय तो अगदी अक्षरासारखा."

"ढगात हत्तीसुद्धा दिसतो," आई बटणात दोरा ओवत म्हणाली.

शाई साबणाला दाद देईना. पण घड्याळजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी घड्याळाची चाकं पुसायचं स्पिरिट काढलं, काडीला कापूस गुंडाळला आणि एकेक डाग टिपायला घेतला. चांदणी गेली, त्रिकोण गेला, 'र' गेला. डागाशेजारीच बुटाच्या मापाचा छापील आकडा होता, तो स्पिरिट लागून अर्धामुर्धा पुसला गेला. अर्धवट काही ठेवणं घड्याळजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आकडेही साफ केले. शेवटचा डाग निघाला तेव्हा त्यांची पाठ मोडून आली होती, पण चेहरा असा फुलला होता की आईनेही काही न बोलता त्यांच्यासमोर चहा ठेवला.

मग त्यांनी सगळे बूट भरपूर साबणात घासले. टबात फेसाचा डोंगर उभा राहिला. आता फक्त खळबळायचे आणि वाळत टाकायचे. घड्याळजींनी नळ उघडला. नळ खोकला, एकदा घशात काहीतरी अडकल्यासारखा गुरगुरला, आणि गप्प झाला.

घड्याळजींनी बायकोला फोन लावला. "अगं, पाणी गेलं."

"सकाळी सांगितलं होतं."

"कधी?"

पलीकडून कुठल्याशा बिलावर शिक्का आपटल्याचा आवाज आला.

"हे बघ," घड्याळजी म्हणाले, "बूट तुमच्याच खात्याचे आहेत. खात्याने तेवढ्यापुरतं बादलीभर..."

"अहो, नळ खात्याचा असला तरी तो माझ्या पर्समध्ये नसतो. माझ्यासमोर रांग आहे, ठेवते."

घरात पाणी म्हणाल तर अर्धी बादली आणि पिण्याचं पिंप. घड्याळजींची नजर पिंपाकडे वळायच्या आत आई पलंगावरून उठून पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसली. "बुटांना पाजायचं नाही," ती म्हणाली. घड्याळजींनी अर्ध्या बादलीत सोळा बूट एकामागून एक बुचकळले. शेवटच्या बुटाच्या वेळी बादलीत पाणी कमी आणि फेस जास्त होता. उरलेला साबण त्यांनी ओल्या पंच्याने टिपला, पांढरे कागद गुंडाळले, आणि पंखा लावून घरभर बूट मांडले. बायको घरी आली तेव्हा दाराशी एकच पाऊल ठेवण्यापुरती जागा होती. तिने ते ठेवलं, सगळीकडे पाहिलं, आणि दमलेली असूनही हसली.

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं, पण दुरुस्तीनंतरचं, चहाच्या रंगाचं. त्यात पांढरे बूट बुडवायचे म्हणजे केलेल्या कामावर बोळाच फिरवायचा. घड्याळजींनी कागद सोडले. बूट लखलखत होते. जरा कडक झाले होते, बोटाने टिचकी मारली की लाकडासारखा आवाज येत होता, पण तो घड्याळजींना मजबुतीचाच वाटला. त्यांनी तळवे बसवले, नाड्या ओवल्या, अंदाजाने डाव्याशेजारी उजवा ठेवला आणि सगळे पुन्हा पोत्यात भरले. स्वतः निळा शर्ट घातला. सामना चारला होता. घड्याळजी साडेतीनपर्यंत थांबायला तयार नव्हते, दोनलाच निघाले.

मैदानाभोवती दोन्ही खात्यांची माणसं जमली होती. कुणीतरी नुकतंच मैदानावर पाणी मारून ठेवलं होतं, धूळ उडू नये म्हणून. घड्याळजींनी संघासमोर पोतं उघडलं, आणि ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप केला होता तो क्षण आला. आठ बायका एकदम पोत्यावर वाकल्या. मग टेलिफोनवाली म्हणाली, "अगं बाई, हे तर चमकतायत." एकीने बूट गालाला लावून पाहिला. रोखपालबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वीज खात्याच्या बायका माना उंचावून बघत होत्या. त्यांच्या पायात होते तेही कधीकाळी पांढरेच असावेत.

"भाऊजी, तुम्ही धन्य आहात," टेलिफोनवाली म्हणाली. "चला, आपापले घ्या गं." तिने एक बूट उचलला, जीभ उलटली आणि आत पाहिलं. दुसरा उचलला. तिसरा उचलला. "माझी चांदणी कुठंय?"

"माझा 'र' दिसत नाही," रोखपालबाई म्हणाल्या.

घड्याळजींचा चेहरा अजूनही हसत होता, पण डोळ्यांतून हसू निघून जायला लागलं होतं. "ते डाग होय?" ते म्हणाले. "ते मी काढले."

"डाग?"

"शाईचे. फार चिवट होते. स्पिरिट लावावं लागलं."

"भाऊजी, त्या आमच्या खुणा होत्या," टेलिफोनवाली म्हणाली. "सगळे बूट सारखे म्हणून केलेल्या."

"मग मापं बघा ना," कुणीतरी मागून म्हटलं. सगळ्यांनी मापं पाहिली. मापं नव्हती.

"तीही..." घड्याळजी म्हणाले आणि थांबले.

"आणि माझा कापूस?" एक जण बुटात हात घालून म्हणाली. दुकानात दोनच मापं शिल्लक होती, एक लहान आणि एक मोठं, आणि त्यातच आठ जणींना भागवायचं होतं. म्हणून कुणी पुढे कापूस कोंबला होता, कुणी पुठ्ठा सरकवला होता, कुणी टाचेखाली गादी. सरावात त्या सगळ्या जणी आपापल्या बुटात मुरल्या होत्या. घड्याळजींनी आठही जणींना एका दिवसात बाहेर काढलं होतं.

बायकोने हातातला मोजा खाली ठेवला. ती घड्याळजींकडे नुसती पाहत राहिली. रोखपालबाईंच्या बघण्यापेक्षाही ते बघणं घड्याळजींना जड गेलं.

पंचांनी तयार राहायला सांगितलं. मग जी झुंबड उडाली ती पाहायला वीज खात्याचे लोक चार पावलं पुढेच सरकले. बायका गवतावर बसून बूट घालत होत्या, काढत होत्या, फेकत होत्या, झेलत होत्या.

"हा घट्ट होतोय."

"इकडे दे. हा सैल बघ."

"हा तुझाच, तुझ्या अंगठ्याचा बाक आहे त्याला."

"माझ्या अंगठ्याला बाक नाही."

"दहा वर्षं शेजारी बसतेय मी तुझ्या."

घड्याळजी गुडघ्यांवर बसून नाड्या बांधून देत होते. एवढ्यात टेलिफोनवालीने त्यांचं मनगट पकडलं. "हे बटण कुठलं?"

"हे? हे बुटात सापडलं."

"ते माझं आहे. ते बुटात असल्याशिवाय मी आजवर दोर धरलेला नाही." तिने तिथल्या तिथे दाताने दोरा तोडला, बटण काढून घेतलं आणि बुटात टाकलं. घड्याळजींची बाही पंख्यासारखी उघडी पडली.

शेवटी सगळ्या उभ्या राहिल्या. उरलेले दोन बूट खुंट्याच्या वाट्याला आले. तिने ते खाली ठेवून पाहिले. दोन्ही डाव्या पायाचे होते.

"म्हणजे कुणाच्या तरी पायात दोन्ही उजवे आहेत," ती म्हणाली. "बघा गं जरा."

"माझे तर छान बसलेत," टेलिफोनवाली म्हणाली. "माझेही," दुसरी म्हणाली. रोखपालबाई म्हणाल्या की त्यांना इतके आरामाचे बूट जन्मात मिळाले नव्हते. इतक्यात पंचांनी शिट्टी मारली, आणि खुंट्याने उजवा पाय डाव्या बुटात कोंबला.

तीन ओढी व्हायच्या होत्या, त्यांतल्या दोन जिंकेल तो संघ विजयी. पहिल्या ओढीला दोर ताणला गेला, आठही जणींनी टाचा ओल्या मैदानात रोवल्या, आणि बुटांच्या जाळीतून हळूहळू काहीतरी पांढरं वर यायला लागलं. आधी बारीक बुडबुडे आले. मग फेस. पाणीपुरवठा खातं जितक्या जोराने पाय रोवत होतं तितका फेस बुटांतून फसफसत होता, आणि थोड्याच वेळात आठही जणी आपापल्या साबणावर उभ्या होत्या. वीज खात्याने एकच झटका दिला. पाणीपुरवठा खातं ओळीत, न पडता, जागच्या जागी उभं असल्यासारखं, घसरत रेषेपलीकडे गेलं. प्रेक्षकांत कुणीतरी टाळी वाजवली, कारण दिसायला ते फारच सुंदर होतं.

"भाऊजी," रोखपालबाई धापा टाकत म्हणाल्या, "पाण्यातून काढले होतेत ना?"

"थोडंसं," घड्याळजी म्हणाले. "तुमच्याच खात्याने..."

"नका बोलू," बायको म्हणाली. पोतं उघडल्यापासून ती त्यांच्याशी बोलली ती एवढंच.

घड्याळजी पळत सुटले. मैदानाच्या कडेच्या नळावरून त्यांनी बादली आणली आणि बायका पाय पुढे करत गेल्या तसे ते बुटांवर सरळ पाणी ओतत सुटले. फेस वाहून गेला. रोखपालबाईंच्या पायांवर ओतताना त्यांचा हात थबकला. घड्याळात चाक उलटं बसलं असेल तर त्यांना भिंगाशिवाय दिसायचं, आणि हे तर बूट होते.

"बाई," ते म्हणाले, "दोन्ही उजवे तुमच्याकडे आहेत."

रोखपालबाईंनी खाली पाहिलं. "तरीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "डावा पाय आज माझं ऐकत नव्हता."

एक डावा इकडून तिकडे गेला, एक उजवा तिकडून इकडे आला, आणि दुसरी ओढ सुरू झाली. आता बूट ओले होते, जड होते, मातीत घट्ट बसत होते. "धरा," रोखपालबाई ओरडत होत्या. "धरून ठेवा. आता ओढा." दोराच्या मधली लाल फीत आधी तिकडे गेली, मग थांबली, मग एकेक वीत इकडे सरकू लागली. खुंटा पाठीवर झोकून आकाशाकडे बघत होती आणि तिच्या टाचा जमिनीत उतरत चालल्या होत्या. घड्याळजी रेषेच्या बाजूने रिकामी बादली घेऊन धावत होते आणि आपण काय ओरडतोय ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. लाल फीत रेषेपार झाली. वीज खातं हरल्याचं दृश्य लोकांना इतकं नवं होतं की शिट्टी वाजल्यावरही क्षणभर सगळे शांत उभे राहिले, आणि मग जो गलका झाला त्यात रोखपालबाई चक्क नाचल्या.

तिसऱ्या ओढीच्या आधी घड्याळजींना बायकोच्या पायाकडे बघून एक गोष्ट कळली. नवीन आलेला उजवा बूट मोठ्या मापाचा होता. त्यात पाय हलत होता. कापूस तर कचऱ्यात गेला होता. घड्याळजींनी न विचारता खिशातला रुमाल काढला, घडी करून बुटाच्या पुढच्या टोकाला कोंबला, आणि नाडी आवळून दुहेरी गाठ मारली. बायकोने पाय काढून घेतला नाही, एवढं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

तिसरी ओढ कुठलाच संघ सोडीना. फीत मधोमध थरथरत उभी राहिली, जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा मध्ये. टेलिफोनवाली पहिल्यांदाच काही बोलत नव्हती. प्रेक्षक टाळ्या वाजवायचं विसरले, पंच शिट्टी तोंडात धरून वाकून बसले. मग लाल फीत पाणीपुरवठ्याच्या बाजूला एक वीत आली. आणखी थोडी आली. बोटभर उरलं. खुंट्याने शेवटचा जोर लावण्यासाठी उजवी टाच मागे नेऊन मातीत खोल, घट्ट, कायमची रोवावी तशी रोवली.

बूट जागचा हलला नाही. तो जिथे रोवला होता तिथेच, पांढराशुभ्र, राहिला. पाय मात्र त्यातून सुटून पुढे गेला, पायापाठोपाठ खुंटा गेली, खुंट्यापाठोपाठ सगळं पाणीपुरवठा खातं गेलं, आणि वीज खात्याच्या बायका सगळ्या एकदम मागच्या मागे बसल्या. मैदानात तो एकटा बूट उभा होता आणि त्यातून घड्याळजींचा रुमाल डोकावत होता.

बक्षीस समारंभ झाला. चषक वीज खात्याने नेला. पाणीपुरवठा खातं पारितोषिकाच्या टेबलाजवळ चिखलात माखून उभं होतं, आणि घड्याळजी त्यांच्या मागे, पोतं पोटाशी धरून, जितकं लहान होता येईल तितके लहान होऊन उभे होते. बायको एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात मोजा अशी उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

तेवढ्यात वीज खात्याची कप्तान, एक उंच, मोजकं बोलणारी अभियंताबाई, हात पुढे करत आली. "आज तुम्ही आम्हाला घाम फोडलात," ती रोखपालबाईंना म्हणाली. "खरंच. पण मी दुसऱ्याच कामासाठी आले. तुमचे बूट सुरुवातीला इतके सुंदर दिसत होते की आमच्या सगळ्या मुली त्यांच्यावरच बोलत होत्या. आमचे काय केलं तरी पिवळे पडतात. कोण धुतं तुमचे?"

घड्याळजींना वाटलं, जमीन दुभंगावी. त्यांनी खरं काय ते सांगण्यासाठी तोंड उघडलं. "मी," ते म्हणाले, "पण त्याचं असं झालं की..."

"हेच धुतात," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला होता. "माझे मिस्टर. त्यांना फार हौस आहे."

"आमचे धुतील का? पुढच्या महिन्यात मोठ्या मैदानावर पुन्हा आपलाच सामना आहे, आणि तिथे सगळे वरिष्ठ असणार. आठ जोड म्हणजे त्रास आहे, कळतंय मला."

"त्रास कसला?" बायको म्हणाली. "फक्त आदल्या दिवशी द्या हं. ताजे धुतलेले जास्त उठून दिसतात."

रोखपालबाईंनी चष्म्यावरून आधी खुंट्याकडे पाहिलं, मग अभियंताबाईकडे, मग घड्याळजींकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. "आमच्या भाऊजींसारखा माणूस नाही," त्या म्हणाल्या. "एक ठिपका शिल्लक ठेवत नाहीत."

"आत काही सापडलं तरी तेही काढून टाकतात," टेलिफोनवाली म्हणाली. "वेगळं सांगावं लागत नाही."

अभियंताबाई मनापासून आभार मानून गेली. घड्याळजी भोळे असले तरी मूर्ख नव्हते. त्यांना सगळं समजलं होतं, आणि तरीही कुणीतरी आपलं काम पाहून स्वतःहून चालत आलं, या गोष्टीने त्यांच्या कानशिलांना पुन्हा एकदा ऊब आली होती. पण धंद्याचा माणूस तो. ते बायकोच्या कानाशी वाकले.

"अगं, पण घरात तेव्हा पाणी आलं तर? पाणी भरपूर असलं की माझ्या हातून ते नीटच धुतले जातील."

बायकोने मैदानात जाऊन मातीत उभा असलेला आपला बूट उपटून आणला, त्यातला रुमाल काढून, झटकून, घडी घालून नवऱ्याच्या खिशात ठेवला, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसली.

"तुम्ही धुवायचं बघा," ती म्हणाली. "पाण्याचं मी बघते."